अनुभव धागा : हिवाळ्यातलं इंदूर, आसपासच्या सहली आणि खाणं

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबा, आम्ही दोघं आणि नऊ वर्षांची लेक असे इंदूरला जातोय. अवंतिका एक्स्प्रेसची तिकिटं झाली आहेत, संध्याकाळी मुंबईहून बसायचं आणि सकाळी इंदुरात. मुक्काम चार रात्रींचा. उज्जैन, मांडू आणि महेश्वर तिन्ही करायची इच्छा आहे, शिवाय सराफ्यातली खाऊगल्ली आहेच. आईचे गुडघे दुखतात, बाबांना इतिहासाची ओढ आहे. जे जाऊन आले आहेत त्यांनी सविस्तर लिहावं. नुसत्या ठिकाणांच्या यादीपेक्षा दिवस कसा गेला ते वाचायला आवडेल.

पुण्याहून, गेल्या जानेवारीत

आधी एक कळकळीची विनंती. मांडू आणि महेश्वर एका दिवसात करू नका. आमच्या गाडीवाल्याने "आरामात होतं" असं सांगितलं आणि आम्ही विश्वास ठेवला. इंदूरहून मांडू साधारण शंभर किलोमीटर, निघेपर्यंत आठ वाजलेले. दोन तलावांच्या मध्ये उभा असलेला जहाज महाल बघतानाच दोन तास गेले, आणि ते जायलाच हवेत. पुढे हिंडोला महाल, होशंगशाहची कबर, जामी मशीद हे सगळं अक्षरशः पळत. रूपमती मंडपावरून खाली निमाडचं मैदान पसरलेलं दिसतं, हवा स्वच्छ असेल तर दूरवर नर्मदेची रेघही. तिथे आम्ही दहा मिनिटं थांबलो. हिवाळ्यात पावणेसहाला सूर्य मावळतो. महेश्वरला पोहोचलो तेव्हा मिट्ट काळोख, साड्यांचे माग बंद, घाटावर फक्त पाण्याचा आवाज. बायकोला फार लागलं ते.

इंदुरातच लहानाची मोठी झालेली

आमच्या गावाला येताय, आनंद झाला. आजोबा होळकरांच्या नोकरीत होते, घरात अजून मराठीच बोलतो.

सकाळ पोहे-जिलबीने सुरू करा. तुमच्या कांदेपोह्यांची चव मनातून काढून खा. आमचे पोहे वाफेवर असतात. खाली पाणी उकळत असतं, वर पोह्यांची परात, त्यामुळे अकरा वाजताही मऊ आणि गरम. आत बडीशेप, वरून कांदा, लिंबू, मूठभर शेव आणि जिरावन, म्हणजे आमचा चटपटीत कोरडा मसाला. जिरावनची पुडी घरी घेऊन जा, नुसत्या काकडीवरही छान लागतं.

सराफ्यात साडेनऊच्या आधी जाऊ नका. सोन्याची दुकानं बंद होतात आणि त्यांच्याच पायऱ्यांपुढे गाड्या लागतात. भुट्टे का कीस (किसलेल्या मक्याचा), खोबऱ्याचं पॅटिस, रबडी हे बारा महिने मिळतं. पण थंडीत याल तर गराडू खाल्ल्याशिवाय परतू नका. कोनफळाच्या जातकुळीतला कंद आहे हा, थंडीतच येतो. फोडी एकदा तळून ढीग लावलेला असतो, तुम्ही मागितलं की पुन्हा कढईत. वरचा पापुद्रा कडक होतो, आतला गर लोण्यासारखा राहतो. त्यावर मसाला भुरभुरून लिंबू पिळतात. द्रोण हातात घेऊन उभ्याउभ्याच खायचा, गार झाला की मजा गेली.

काकूंना गर्दीत उभं राहणं जमणार नसेल तर संध्याकाळी छप्पन दुकानला न्या, तिथे बसून खाता येतं. काकांना राजवाडा दाखवा. 1984 च्या दंगलीत त्याचा मोठा भाग जळला होता. आम्ही लहानपणी तो काळा पडलेलाच पाहिला, आता दुरुस्त झालेला बघताना भरून येतं.

ठाण्याहून, सासूबाईंसोबत उज्जैन

महाकाल मंदिरातल्या पहाटेच्या भस्मारतीचं आरक्षण आधीच करून ठेवा. आरती पहाटे चारला, पण रांगेत आम्ही दीडलाच होतो. बायकांना साडी, पुरुषांना धोतर लागतं. सासूबाईंना साडीच्या आत गरम कपडे घातले, तरी अनवाणी पायांना फरशी झोंबत होती. अडीच तास त्यांनी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. आरतीला नगारे सुरू झाले आणि त्यांनी माझा हात घट्ट धरला. मी ते विसरणार नाही. पण गुडघे दुखत असतील तर खरंच विचार करा. सकाळी सावकाश दर्शन घेतलं तरी तितकंच समाधान मिळतं.

हरसिद्धीच्या अंगणातल्या दोन उंच दीपमाळा बघून जेजुरी आठवते. बायजाबाई शिंद्यांनी बांधलेलं गोपाळ मंदिर बाजारातच आहे, तेही बघा. इंदूर तासा-दीड तासावर. दुपारी परत येऊन झोपा काढा.

नागपूरहून

31 डिसेंबर आणि 1 जानेवारीला महाकालाला जाऊ नका. दुसऱ्या आठवड्यात जाताय ते उत्तम.

नाशिकहून, साड्यांच्या वेडापायी

चारातली एक रात्र महेश्वरला काढा. माझं एवढंच म्हणणं आहे, पण मनापासून आहे. 1767 पासून अहिल्याबाईंनी इथून कारभार केला. किल्ल्यातला त्यांचा वाडा इतका साधा आहे की पहिल्यांदा विश्वास बसत नाही. लाकडी खांब, छोटी ओसरी, बसायची गादी. सकाळी सहाला घाटावर उतरा. नर्मदेवर धुकं असतं, नाववाले नुकते शेकोटीपाशी बसलेले असतात.

मग माग बघा. मी एका ताईंच्या शेजारी अर्धा तास बसले. धोटा डावीकडून उजवीकडे, फणीचा ठोका, पुन्हा धोटा. काठ होता चटईचा. त्यांनी किल्ल्याच्या भिंतीवरचं तेच नक्षीकाम मला नंतर हाताने दाखवलं. दिवसाकाठी किती होतं विचारलं तर त्यांनी वीत-दोन वीत मोकळी करून दाखवली. त्यानंतर मी भावात घासाघीस केली नाही.

धागाकर्ती, परत आल्यावर

सगळ्यांचे खूप आभार. तुमचं ऐकून महेश्वरला एक रात्र राहिलो आणि मांडूला पूर्ण दिवस दिला. तिथे गोरखचिंचेची झाडं आहेत, लेकीसह चौघांनी हात धरले तरी एका खोडाला कवेत घेता आलं नाही. दुपारी दाल-पानिया जेवलो. मक्याच्या पिठाचे गोळे पानांत गुंडाळून गोवऱ्यांवर भाजतात, पानाच्या शिरा त्यावर उमटलेल्या असतात. आई म्हणाली, तिच्या आजीच्या पानगीसारखा वास येतोय. भस्मारती सोडली, त्याची हळहळ कुणालाच नाही.

येताना दोन किलो कच्चा गराडू आणला. सोलताना हाताला खाज सुटते, आधी तेल चोळून घ्या. पहिल्या दिवशी मी एकदाच तळला आणि तो नरमच राहिला. काल इंदूरकर ताईंचं वाक्य आठवलं, फोडी गार होऊ दिल्या, कढई चांगली तापवली आणि पुन्हा सोडल्या. बाबांनी जिरावनची पुडी फोडली. लेकीने द्रोण नाही म्हणून वाटीच घेतली आणि ओट्यापाशी उभी राहूनच खाल्लं.