रिव्हर रेड : टाकी फोडायची की भरून घ्यायची? तुमचे अनुभव

वरून खाली सरकत येणारी निळी नदी, दोन्ही बाजूंना हिरवे काठ आणि मधे आपलं विमान. अटारी २६०० या टीव्हीला जोडायच्या गेम-यंत्रावरचा 'रिव्हर रेड' (अ‍ॅक्टिव्हिजन, १९८२) खेळलेल्यांनी इथे लिहावं. 'मस्त गेम होता' एवढ्यावर थांबू नका, हाताला काय आठवतंय ते सांगा.

सुरुवात मीच करते. माझ्या लेखी हा इंधनाचा गेम आहे, नेमबाजी दुय्यम. नदीतली इंधनाची टाकी फोडली तर ८० गुण, तिच्यावरून उडत गेलं तर इंधन. दांडी मागे ओढून वेग कमी केला की जास्त भरून होतं, पण तेवढ्यात पुढ्यात हेलिकॉप्टर येतं. काटा तळाला आला की वाजणारा तो इशारा आठवला तरी माझी मूठ अजून आवळते.

---

आमच्यात वाटणी ठरलेली: दादाकडे जॉयस्टिक, माझ्याकडे वही. नदी दरवेळी तीच असते हे दोन-तीन दिवसांत लक्षात आलं. मग प्रत्येक पुलापुढे बेट कुठे, टाक्या किती, हे मी उतरवत गेलो. "पुढे अरुंद आहे, वेग सोड!" एवढं ओरडलं की दादा न विचारता दांडी ओढायचा. दादा आता लांब राहतो. वही मी जपून ठेवली आहे.

---

वहीवरून सांगावंसं वाटलं. ती नदी कार्ट्रिजमध्ये साठवलेलीच नव्हती. सगळ्या गेमला मिळून जागा ४ किलोबाइट. हा गेम लिहिणाऱ्या कॅरॉल शॉ यांनी शिफ्ट रजिस्टर वापरलं. एका आकड्यातून पुढचा आकडा निघतो आणि त्यावरून काठ, बेटं, जहाजं ठरतात. पहिला आकडा कायम तोच, म्हणून नदीही तीच. हे वाचलं तेव्हा मी प्रोग्रामिंग शिकत होतो. त्या रात्री कागदावर असं रजिस्टर आखून सोळा पायऱ्या हाताने चालवल्या. सतराव्या पायरीला झोप आली, पण डोक्यात लख्ख उजेड पडला होता.

---

१५,००० गुणांचा फोटो पाठवला की कंपनी कापडी बिल्ला द्यायची. माझे गुण झाले, फोटोही काढला, पण फ्लॅशने पडदा पांढराफटक आला. त्याची हळहळ अजून आहे.

---

हा गेम एका बाईने लिहिलाय हे मला फार उशिरा कळलं. लहानपणी कळलं असतं तर मी संगणकाकडे आधीच वळले असते, असं मनापासून वाटतं.

---

पश्चिम जर्मनीत १९८४ मध्ये हा गेम मुलांसाठी घातक म्हणून यादीत टाकला होता. नाव २००२ मध्ये निघालं. आमच्या घरी तर आईच खेळायची. ती टाकी कधीच फोडायची नाही. "आधी भरून घे, मग पूल," म्हणायची. पूल फोडण्याचे गुण ५००, आणि विमान पडलं तर पुन्हा सुरुवात शेवटच्या पार केलेल्या पुलापासून. परवा नातवाला जॉयस्टिक दिली, तर मागून तिचा आवाज आलाच: "हळू, टाकी आली."