एएमला एफएमची कुबडी कशाला?

खरखरप्रेमी:
ओहायोत राहतो, गाडीत एएम (आपला जुना मीडियम वेव्ह) लावायची सवय आहे, आणि हे कुणाला सांगितलं की लोक असे बघतात जणू मी अजून रॉकेलच्या स्टोव्हवर चहा करतो. असो. आमच्या जवळचं एक छोटं एएम स्टेशन आता बॅनरवर, टीशर्टवर, जाहिरातीत सगळीकडे फक्त एफएमचा नंबर मिरवतं. एएमचं नाव तासाला एकदा नियमापुरतं पुटपुटतात. आणि हा एफएम म्हणजे धड एफएम स्टेशनसुद्धा नाही, ट्रान्सलेटर आहे, म्हणजे एएमचाच कार्यक्रम उचलून एफएमवर टाकणारा छोटा ट्रान्समीटर, ताकद जास्तीत जास्त २५० वॉट. एफसीसीनं, म्हणजे अमेरिकेच्या रेडिओवर नियम लावणाऱ्या सरकारी संस्थेनं, २००९ ला याला परवानगी दिली, २०१५ ला एएमला जीवदान म्हणून दार सताड उघडलं, २०१६ मध्ये तर कुठलातरी ट्रान्सलेटर विकत घेऊन २५० मैलांपर्यंत उचलून आणायची मुभा दिली. माझा मुद्दा एवढाच की ५००० वॉटचं एएम दिवसा तीन-चार काउंट्या (म्हणजे तिकडचे जिल्हे) सहज झाकतं, आणि हा २५० वॉटवाला गावाबाहेरची टेकडी उतरलो की खल्लास, त्याच आकड्यावर दुसऱ्या गावच्या चर्चचं प्रवचन सुरू. याला पोच वाढवणं म्हणतात का? मालकाचं लक्ष एकदा एफएमवर गेलं की एएमच्या टॉवरकडे कोण बघतोय, टॉवरखाली जमिनीत पुरलेल्या त्याच्या तांब्याच्या तारा चोरीला गेल्या तरी महिनोन्महिने तशाच.

सांगलीकर_आयोवा:
साहेब, तुम्ही कधी डेटायमर स्टेशनात काम केलंय का? मी केलंय, कॉलेजात असताना दोन वर्षं बोर्डवर बसायचो. डेटायमर म्हणजे सूर्य मावळला की दुकान बंद, कारण रात्री एएमच्या लाटा वर आयनोस्फिअरला लागून शेकडो मैल लांब खाली उतरतात आणि दुसऱ्याच्या स्टेशनवर चढतात. आता हायस्कूल फुटबॉलची मॅच शुक्रवारी संध्याकाळी ७ ला, आणि ऑक्टोबरात सूर्य साडेसहाच्या सुमारास गुल. म्हणजे अख्ख्या गावाला ज्या एका कार्यक्रमात रस, ज्याला टायरवाला, पिझ्झावाला आणि फ्यूनरल होमवाला सुद्धा जाहिरात देतो, नेमका तोच लावता येत नाही. डिसेंबरात तर पावणेपाचलाच शटर खाली. ट्रान्सलेटर आला आणि रात्रीचं प्रसारण पहिल्यांदा शक्य झालं. तीन काउंट्या झाकून त्या शेतातल्या मक्याला ऐकवायचंय का?

खरखरप्रेमी:
मक्याला नाही हो, मका पिकवणाऱ्याला. तो ट्रॅक्टरमध्ये एएमच ऐकतो.

डेसिबल:
ट्रान्सलेटरवाले आणखी एक गंमत करतात. एएमचा ट्रान्सलेटर एएमच्याच क्षेत्रात लावावा लागतो, दिवसाच्या ठरलेल्या सिग्नलच्या रेषेच्या आत किंवा टॉवरपासून २५ मैलांत, जे जास्त असेल ते. पण ओळखीतलं एखादं मोठं एफएम एचडी रेडिओवर, म्हणजे अ‍ॅनालॉगसोबत डिजिटलही, असेल तर त्याच्या एचडी २ उपवाहिनीवर एएमचा कार्यक्रम टाकायचा आणि मग ट्रान्सलेटर त्या एफएमच्या हद्दीत लावायचा, कागदोपत्री तो एचडी २ चा ट्रान्सलेटर. झालं, गावातलं एएम थेट शहरात. पळवाट म्हणा नाहीतर अक्कल, नियमात बसतं.

एडिसनची_आत्या:
नियमात बसतं पण कानात बसत नाही! मी न्यू जर्सीत रोज रूट १ वरून जाते. गाडीत एचडी आहे. मुख्य चॅनलचं डिजिटल गेलं तर गाडी गुपचूप अ‍ॅनालॉगवर येते, कळतही नाही. एचडी २ ला तसला आधारच नाही, सिग्नल गेला की एकदम सामसूम, मला वाटतं फोन आला की काय. पुलाखाली गेलं, बंद. पुढे आलं, चालू. डिजिटलची ताकद अ‍ॅनालॉगच्या फार तर १० टक्के, मग काय होणार. आणि घरात एचडीचा रेडिओ कुणाकडे आहे? माझ्या ओळखीत एकाकडेही नाही.
न्यूयॉर्कच्या ८८० या एएम स्टेशनवर आम्ही वर्षानुवर्षं दर दहा मिनिटांनी ट्रॅफिक ऐकायचो, ऑगस्ट २०२४ मध्ये त्या बातम्याच बंद केल्या. उलट तिथल्याच १०१० या बातम्यांच्या एएमला ऑक्टोबर २०२२ पासून ९२.३ ची पूर्ण एफएम वाहिनी जोडली, ते चालू आहे. म्हणजे एफएम द्यायचं तर धड द्या, २५० वॉटचं खेळणं नको.

डेसिबल:
आत्या, न्यूयॉर्कची पूर्ण फ्रिक्वेन्सी कोट्यवधी डॉलरला जाते, ते त्या कंपनीला परवडतं, आयोवातला मालक स्वतःच न्यूज वाचतो आणि स्वतःच बर्फ उपसतो.

वाशीचा_वाटाड्या:
मला राग वेगळाच आहे. एफएमच्या पट्ट्यात जागा मोजकी. इथे अमेरिकेत आमच्या लोकांनी १०० वॉटचं लो पॉवर एफएम काढायचं ठरवलं होतं, देवळाचं आणि मराठी शाळेचं मिळून, तर शोधल्यावर कळलं की जी जागा दिसत होती तिथे मैलोगणती लांबून आणलेला ट्रान्सलेटर बसलाय. आणि तो काय करतोय, तर एएमवर आधीच ऐकू येणारा तोच टॉक शो.

सांगलीकर_आयोवा:
हा मुद्दा मान्य. पण ट्रान्सलेटरला सुद्धा संरक्षण कुठे आहे, दुय्यम दर्जा आहे त्याला, पूर्ण ताकदीचं एफएम येऊन म्हणालं की बाजूला हो, तर व्हावंच लागतं.

नाशिकचा_नाना:
भारतातून लिहितोय, जरा विषयाबाहेर. आपल्याकडे सरकारनं दोन्ही डगरींवर पाय ठेवलाय. आकाशवाणीनं मीडियम वेव्हवर ३५ डीआरएम ट्रान्समीटर लावले, म्हणजे तेच एएम पण डिजिटल, आणि एप्रिल २०२३ मध्ये एका दिवसात १०० वॉटचे ९१ एफएम ट्रान्समीटर सुरू केले. डीआरएमचा सेट मी आजवर दुकानात पाहिला नाही, काही नव्या गाड्यांत येतो म्हणे आणि मालकाला त्याचा पत्ताच नसतो. माझे वडील ट्रान्झिस्टरवर बाजारभाव ऐकतात, त्यांना डिजिटल म्हणजे भिंतीवरचं घड्याळ.

खरखरप्रेमी:
नाना, मला तेच हवंय की, एएमलाच डिजिटल करा. मेरीलँडच्या फ्रेडरिक गावात ८२० वर २०१८ पासून पूर्ण डिजिटल एएमचा प्रयोग झाला, गाण्याचं नाव आणि कव्हरचा फोटो एएमवर! ऑक्टोबर २०२० मध्ये एफसीसीनं सगळ्यांना परवानगी दिली.

डेसिबल:
आणि किती जणांनी घेतली? बोटावर मोजण्याइतके. कारण त्या दिवशी तुमचा ट्रॅक्टरवाला शेतकरी साफ बाद, जुन्या रेडिओवर नुसता घर्रर्र. गंमत म्हणजे फ्रेडरिकवाल्यांकडे जुन्या श्रोत्यांसाठी काय होतं? एफएम ट्रान्सलेटर.

खरखरप्रेमी:
बरं, हे लागलं. तरी बर्फाच्या वादळात, वीज नसताना, टेकडीपलीकडे कोण पोचतं ते सांगा. २०२३ मध्ये फोर्डनं गाड्यांतून एएम काढायचं ठरवलं तेव्हा एवढी ओरड का झाली, दोन महिन्यांच्या आत माघार का घेतली?

सांगलीकर_आयोवा:
वादळाचंच सांगतो मग. एकदा दोन रात्री वीज नव्हती. जनरेटर एकच, आणि मालकानं तो ट्रान्सलेटरला लावला. पाच किलोवॉटच्या एएमला डिझेल कुठून आणणार, रस्ते बंद होते.