फ्युर्स्टला मराठीत काय म्हणावं?

चाफेकळी: जर्मनीत थुरिंगियावर राज्य केलेल्या रॉयस घराण्यावरचा इंग्रजी लेख मराठीत आणतेय. 'प्रिन्स हाइन्रिख बाविसावा'चं मी राजपुत्र केलं, तर संपादकांनी विचारलं, मग राजा कोण? राजा वेगळा नाहीच! जर्मनमध्ये गादीवरचा तो फ्युर्स्ट, घरातला मुलगा तो प्रिन्स. इंग्रजीत दोघेही प्रिन्स. काय लिहू?

गावकुस: संस्थानिक. त्या हाइन्रिखचं ग्राइत्सचं राज्य जेमतेम ३१६ चौरस किलोमीटर.

शब्दवेडा: मुळीच नको. संस्थानिक म्हटलं की डोक्यावर इंग्रज आलाच. १८१५च्या जर्मन संघात, म्हणजे जर्मन राज्यांच्या सैल जुटीत, ही राज्यं सार्वभौम होती. नरेश लिहा.

गावकुस: १८६६च्या ऑस्ट्रिया-प्रशिया युद्धात ग्राइत्स ऑस्ट्रियाच्या बाजूने गेलं आणि प्रशियाचं सैन्य गावात येऊन बसलं. १८७१पासून वर कैसर, जर्मन सम्राट. हे सार्वभौम?

चाफेकळी: आणखी एक. ग्राइत्सची 'एल्डर लाइन', गेराची 'यंगर लाइन'. ज्येष्ठ शाखा, कनिष्ठ शाखा वाचताना बँकेत गेल्यासारखं वाटतं.

माळवेकर: थोरली पाती, धाकटी पाती! आमच्या देवासला पवारांच्या दोन गाद्या, त्यांना हेच म्हणत. आजी पत्ता सांगतानाही "धाकट्या पातीत" म्हणायची. घरात शब्द असताना शाखा कशाला?

शब्दवेडा: छान शब्द. पत्ती म्हणजे हिस्सा, त्यावरून आला असणार. रॉयसांनीही मुलूख वाटूनच घेतला होता.

माळवेकर: मला गवताचं पातं दिसतं. एका बुंध्यातून दोन.

शब्दवेडा: पात्यांत थोरलं-धाकटं कोण करतं? हिश्शातच करतात.

गावकुस: 'हाइन्रिख बाविसावा' हेही इंग्रजी वळण. आम्ही शाळेत चौदावा लुई शिकलो, पाचवा जॉर्ज शिकलो. बाविसावा हाइन्रिख म्हणा.

चाफेकळी: मान्य, पण वाचक तो बाविसावा राजा समजेल. या घराण्यात प्रत्येक मुलाचं नाव हाइन्रिखच, आणि गादी मिळो न मिळो, प्रत्येकाला आकडा. थोरल्या पातीत शंभरापर्यंत मोजून पुन्हा एकपासून, धाकटीत नवं शतक लागलं की नव्याने.

गावकुस: मग तळटीप द्या, क्रम बदलू नका.

माळवेकर: पत्तीचा 'त्त' गेला तर 'पती' तरी व्हावा, नाहीतर 'पाती', हे पटतं. पण आमच्याकडे दुकानातल्या भागीदारीला पत्तीच म्हणतात, पाती कधीच नाही. मग दोन्ही शब्द शेजारी शेजारी कसे टिकले?

चाफेकळी: थोरली पाती घेतली, मनापासून आभार. फ्युर्स्टची जागा अजून रिकामी आहे, मजकूर उद्या द्यायचाय.

शब्दवेडा: नरेश.

गावकुस: संस्थानिक.