मदत हवी आहे: मॅश्ड पोटॅटो मऊ होतच नाहीये, चिकट होतंय (घरी दात काढलेलं वयस्कर माणूस आहे)

नमस्कार मंडळी, जरा लवकर सांगा प्लीज. आम्ही अमळनेरला राहतो, घरात माझे सासरे आहेत, वय ७८, आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणतो. मागच्या आठवड्यात त्यांचे उरलेसुरले सगळे दात काढले, कवळी बसायला अजून दीड-दोन महिने लागतील, तोवर मऊ आणि कोमट खायचं, तिखट नाही, चावायचं तर काहीच नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. आता ज्या माणसाने जन्मभर कळण्याची भाकरी, ठेचा नि शेवभाजी खाल्ली त्याला मी आठ दिवस मुगाची खिचडी, पेज, रव्याची खीर देतेय. तीन दिवस खाल्लं, मग ताट बाजूला सरकवायला लागले. नुसतं "भूक नही" म्हणतात. भूक असते हो, संध्याकाळी चहात चार-चार बिस्किटं बुडवून खातात ते मी बघते ना.

नणंदेची मुलगी अमेरिकेत आहे, ती फोनवर म्हणाली मामी, आजोबांना मॅश्ड पोटॅटो करून दे, आलू त्यांना आवडतात आणि चावावं लागत नाही. मला पटलं. पण तीन वेळा केलं आणि तिन्ही वेळा बिघडलं.

पहिल्यांदा फोडी करून कुकरला पाणी घालून पाच शिट्ट्या काढल्या, पावभाजीच्या मॅशरने दाबलं. वरून पाणचट आणि आत बारीक बारीक गाठी. एक गाठ हिरडीला लागली तर आप्पांनी डोळे घट्ट मिटून घेतले, मला इतकं वाईट वाटलं.

म्हणून दुसऱ्यांदा गाठच नको म्हणून मिक्सरला फिरवलं. भांड्याचं झाकण उघडलं तर आत चकचकीत, पांढरट काहीतरी, चमचा वर उचलला की वीतभर तार यायची आणि चमच्याला धरून अख्खा गोळा वर यायचा. दूध घातलं, लोणी घातलं, काही फरक नाही. आप्पांनी एक घास तोंडात घेतला, टाळूला चिकटला तो जिभेने सोडवत बसले आणि मग अगदी शांतपणे विचारलं, "हाई काय शे वं बेटा, डिंक शे का?"

तिसऱ्यांदा मिक्सर टाळला, गव्हाच्या चाळणीवर वाटीने घासून काढलं, एक तास गेला, त्यात फ्रीजमधलं लोणी आणि गार दूध घातलं तर दहा मिनिटांत जड होऊन वडीसारखं बसलं.

आता माझं म्हणणं असं की आलू कोणता घ्यायचा, बाजारात तर विचारलं की इंदूरचा आहे ताई एवढंच सांगतात. कुकर चालतो की उघड्या पातेल्यात उकडायचे? दूध-लोण्याचं प्रमाण काय? भाची म्हणते तिकडे रसेट नावाचा बटाटा आणि दाबून शेवया पाडायचं रायसर नावाचं यंत्र वापरतात, ते इथं मिळत नाही, ऑनलाइन यायला वेळ लागेल. आप्पांना शुगर नाही, बीपी आहे, म्हणून मीठ बेताचंच घालते. ज्यांनी घरी केलंय त्यांनीच सांगा.

तापीकाठची, शिरपूर
ताई, मिक्सर ही मुख्य चूक. बटाट्याच्या पेशींत स्टार्च भरलेला असतो, उकडल्यावर तो फुगतो. हलक्या हाताने दाबलं तर पेशी एकमेकींपासून नुसत्या सुट्या होतात आणि मऊ लागतं. पातं फिरलं की पेशी फुटतात, स्टार्च बाहेर येतो आणि गरम ओला स्टार्च म्हणजे आपण लहानपणी पतंगाला लावायचो ती खळच. एकदा झालं की परत फिरत नाही, त्यामुळे तुम्ही लोणी कितीही घातलं असतं तरी उपयोग नव्हता. त्याचे पराठे लाटून टाका, वाया घालवू नका.
दुसरं, फोडी करून पाण्यात उकडलं की त्या पाणी पितात. अख्खे, सालीसकट, सारख्या आकाराचे घ्या. कुकरच्या डब्यात पाणी न घालता नुसत्या वाफेवर ठेवा.

आडतवाला, जळगाव
बटाट्याचं मी सांगतो, रोज हातात असतो. जानेवारी-फेब्रुवारीत येणारा पातळ सालीचा नवा आलू, नखाने साल निघते तो, रश्शाच्या भाजीला चांगला पण मॅशला नाही, पाणी जास्त असतं. जुना, जाड सालीचा, कापल्यावर सुरीला पांढरं पीठ लागतं तो घ्या. दुकानदाराला चिप्सचा आलू आहे का विचारा, चिप्सोना किंवा एलआर म्हणतात, मिळाला तर उत्तम. ओळखायला घरी एक करून बघा, एक वाटी मिठाला अकरा वाट्या पाणी असं खारं पाणी करा आणि कच्चा आलू सोडा. बुडाला तो पिठूळ, तुमच्या कामाचा. तरंगला तो भाजीचा. आणि आलू फ्रीजमध्ये ठेवू नका, थंडीने स्टार्चची साखर होते, गोडसर लागतो.

मांडेवाली मावशी, धुळे
अगं पोरी, रायसर कशाला मागवतेस? घरात पुरणयंत्र असेल ना! आखाजीला मांड्यांचं पुरण काढतेस तेच. बारीक जाळी लाव, आलू गरम गरम सोलून त्यात टाक आणि दांडा फिरव. गाठ राहूच शकत नाही, आणि पात्यासारखं फोडत नाही, दाबून खाली पाडतं. मी नातवाला असंच करायची. पण गरम असतानाच हं, गार झाला की यंत्रालाही जड जातं आणि चिकटपणाही येतो. दूध गरम करून घाल, लोणी आधी, दूध नंतर.
आणि नुसत्या आलूवर ठेवू नको त्यांना, पातळ वरण, दूध चालू ठेव.

धागाकर्ती
मावशी, पाया पडते तुमच्या! पुरणयंत्र माळ्यावर होतं, आखाजीनंतर काढलंच नव्हतं. काल रात्री केलं. अर्धा किलो जुने आलू, खाऱ्या पाण्यात बुडालेलेच घेतले (सात पैकी दोन तरंगले, ते भाजीला), डब्यात अख्खे, पाच शिट्ट्या. सोलून तव्यावर मंद आचेवर दोन मिनिटं ठेवले, खालून वाफ उडताना दिसत होती, साल काढलेल्या कडा पांढऱ्या, कोरड्या झाल्या. मग यंत्रातून. जाळीखाली शेवयांसारखं हलकं हलकं पडत होतं, पुरण पडतं तसंच. त्यात घरचं लोणी तीन मोठे चमचे, ते मुरलं की गरम दूध पाऊण वाटी, थोडं थोडं, लाकडी चमच्याने वरवर हलवून. पाकिटातलं बटर खारट असतं म्हणून मुद्दाम घरचंच घेतलं. लसणाचा एक गड्डा ठेच्याला भाजतो तसा गॅसवर काळा होईस्तोवर भाजला, आतल्या मऊ पाकळ्या तीनच कुस्करून घातल्या, तिखट नाही म्हणून नाहीतर मी मिरची पण भाजली असती.

आप्पांना दिलं. पहिला घास घेऊन थांबले, मी श्वास धरून उभी. मग काही न बोलता वाटी संपवली आणि चमचा बाजूला ठेवून बोटाने वाटी पुसून घेतली. आठ दिवसांत पहिल्यांदा.

एकच विचारायचंय, थोडं उरलंय, उद्या सकाळी गरम कसं करू? परत चिकट होईल का?

तापीकाठची, शिरपूर
फ्रीजमध्ये झाकून ठेवा. सकाळी पातेल्यात दोन-तीन चमचे दूध उकळी येण्याआधी गरम करून त्यात ते घाला, मंद आचेवर, फार घोटू नका. नाहीतर डब्यात घालून कुकरला वाफ द्या. कोमट झालं की वाढा.