साथ येऊन गेली, आता वॉटरपार्क वाढवावा का?

केळीवाला यावल
राम राम मंडळी. चार एकर केळी मोडून २०१८ला रोडाला लागून छोटा वॉटरपार्क टाकला. दोन तलाव, तीन घसरगुंड्या, रेन डान्स. आमचा धंदा पाडवा ते मृग, फार तर सत्तर दिवस. त्यावर बाकीचं वर्ष काढायचं.

कोरोनाचं सोडा, ते सगळ्यांचंच झालं. पण २०२५च्या एप्रिलात शेजारच्या गावात काविळीची साथ आली. कोणीतरी आमच्या तलावाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवला, "इथूनच पसरली". तपासणी होईपर्यंत गेट बंद ठेवा, असं पत्र आलं. पाण्याचे नमुने चांगले निघाले, पण कागद हातात यायला अठरा दिवस गेले. त्यात तीन रविवार आणि आखाजी (अक्षय तृतीया). माहेरी आलेल्या लेकी पोरांना घेऊन येतात, तो आमचा वर्षाचा सगळ्यात मोठा दिवस. त्या दिवशी मी गेटवर खुर्ची टाकून लोकांना परत पाठवत होतो.

आणि गेट बंद म्हणजे खर्च बंद नाही ना भो. पंप रोज चालवावाच लागतो, नाहीतर तिसऱ्या दिवशी पाणी हिरवं. आपल्याकडच्या उन्हात सकाळी टाकलेलं क्लोरीन दुपारपर्यंत उडतं. वीजबिलाचा स्थिर आकार चालू, आठ पोरांचा पगार चालू. विमावाल्याला विचारलं तर म्हणे आग, वादळ असेल तर बोला, साथीचं त्यात नाही.

आता वेव्ह पूलचं, म्हणजे लाटांच्या तलावाचं, ३८ लाखांचं कोटेशन हातात आहे, बँकही तयार. बायको म्हणते थांबा. काय करू?

आकाशपाळणा अमळनेर
वहिनींचं ऐका. सखाराम महाराजांच्या यात्रेत बोरीच्या पात्रात माझे दोन पाळणे लागतात. २०२० आणि २०२१, दोन्ही वैशाख कोरडे गेले. पाळणा पत्र्याच्या शेडात पडून. ग्रीस दगडासारखं झालं, बेअरिंगं हातोड्याने काढावी लागली. त्यात ब्रेक डान्स नावाचा गरगर फिरणारा पाळणा कर्जावर घेतलेला. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० हप्ते थांबवायची मुभा दिली, पण व्याजाचं मीटर पळतच होतं. तरी माझं एक बरं, अमळनेर बुडालं तर सामान ट्रकवर टाकून सारंगखेड्याला जाता येतं. तुमचा तलाव ट्रकवर चढत नाही.

राईडफिटर
मूळ पारोळ्याचा, सध्या ठाण्यात, पार्कात राईड बसवायचं काम करतो. मोठ्यांचं काय झालं ते बघा. फ्लोरिडात युनिव्हर्सल कंपनीने एपिक युनिव्हर्स हे नवं पार्क ऑगस्ट २०१९ मध्ये जाहीर केलं, २०२३ला उघडायचा बेत होता. २०२०त काम थांबवलं, मार्च २०२१ला पुन्हा हात लावला, उघडलं २२ मे २०२५ला. कॅलिफोर्नियाचं डिस्नेलँड तर १४ मार्च २०२० ते ३० एप्रिल २०२१ बंद होतं. तिथलं अ‍ॅव्हेंजर्स कॅम्पस, म्हणजे पार्काचा नवा भाग, जुलै २०२०मध्ये उघडणार होतं. काम बरंच पुढे गेलेलं, म्हणून जून २०२१मध्ये तरी उघडता आलं. तेवढ्यात डिस्नेने २८ हजार माणसं कमी करायचं जाहीर केलं होतं. त्यांच्याकडे सिनेमे, चॅनेल असं बाकी पुष्कळ होतं. तुमच्याकडे उरलेली केळी.

तुमच्या कामाची गोष्ट मात्र घरचीच आहे. २२ ऑक्टोबर २०२१ला महाराष्ट्रात मनोरंजन पार्क उघडायला परवानगी मिळाली, तेव्हा फक्त कोरड्या राईड. पाण्यातल्या तेव्हाही बंदच. आणि तुम्ही अजून पाणीच वाढवायला निघालात!

सिस्टर चोपडा
दादा, मला एवढंच सांगा, गावातला पहिला पेशंट कोणत्या तारखेचा? दूषित पाण्यातून होणारी कावीळ दोन प्रकारची, हिपॅटायटिस ए आणि ई. ए असेल तर पाणी पोटात गेल्यापासून लक्षणं दिसायला १५ ते ५० दिवस लागतात. ई असली तरी दोन आठवड्यांच्या आत सहसा दिसत नाही. पाणी आज पिलं आणि उद्या डोळे पिवळे, असं होत नसतं.

केळीवाला यावल
ताई, आज गावात जाऊन विचारून आलो. पहिला पेशंट ८ एप्रिलचा. आमचं गेट उघडलं पाडव्याला, ३० मार्चला. नऊच दिवस! पत्र आलं तेव्हा हे कोणी सांगितलं असतं तर आखाजी वाचली असती हो. पाइपलाइन गटारीत फुटलेली होती, हे तर मागाहून गावातलेच सांगू लागले.

सिस्टर चोपडा
म्हणजे सुरुवात तुमच्याकडून नाही. नंतरच्या पेशंटांचं मी छातीठोक सांगणार नाही. लहान पोरांना हा आजार झाला तरी पिवळेपणा दिसतोच असं नाही, आणि तीच पोरं तलावात जास्त. तेव्हा क्लोरीनवर नजर ठेवा. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्यावर पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची ओटी टेस्ट करतो ना, तसं तुम्हीही करा, आणि वहीत लिहा.

केळीवाला यावल
लिहितो, आणि टेस्ट ऑफिसात नाही, तिकीट खिडकीसमोर करणार. सकाळी एकदा, दुपारी एकदा. नळीत थेंब टाकल्यावर पाणी पिवळं होताना लोकांनी डोळ्यांनी बघावं, मग काय फोटो काढायचे ते काढा.

वेव्ह पूल पुढे ढकलला (बायकोला मात्र रद्द सांगितलंय). औंदा जुना फिल्टर बदलतो, आणि आंब्याखालच्या रिकाम्या जागेत कोरडं काहीतरी टाकतो, बिनकर्जाचं. आकाशपाळणावाले दादा, तो ब्रेक डान्स विकायचा आहे का? बेअरिंग बघून भाव करू.