मदत हवी आहे: 1420 मेगाहर्ट्झला फिल्टर एलएनएच्या आधी की नंतर? (पुणे, गच्चीवरचा हॉर्न)

नमस्कार मंडळी,

कर्वेनगरात आमच्या गच्चीवर आकाशगंगेतल्या हायड्रोजनची 21 सेंमीची रेषा (1420 मेगाहर्ट्झवरचा त्याचा रेडिओ सिग्नल) पकडायचा खटाटोप चालू आहे. पंधरा किलोचा तेलाचा पत्र्याचा डबा, आत सव्वापाच सेंमीची तांब्याची तार, पुढे फॉइल लावलेल्या शीटचा कर्ण्यासारखा हॉर्न. डब्याला चिकटूनच एलएनए (कमी नॉइजचा पहिला ॲम्प्लिफायर), वीतभर केबल, मग आरटीएल-एसडीआर डोंगल (छोटा रेडिओ रिसीव्हर) आणि तिथून यूएसबीने लॅपटॉप. अँटेना ते एलएनए लांब केबल टाकायचा प्रश्नच नव्हता. आरजी-58 केबलमध्ये या फ्रिक्वेन्सीला मीटरमागे पाऊण डीबीच्या (डेसिबलच्या) आसपास सिग्नल जातो, आणि पहिल्या ॲम्प्लिफायरच्या आधी गेलं ते गेलंच. नंतर गेन कितीही चढवा, सिग्नलबरोबर नॉइजही चढतो.

अडचण मोबाइल टॉवरची आहे, तो समोरच्याच इमारतीवर आहे. हॉर्न तिकडे झुकला की 1420 च्या आजूबाजूला काटेच काटे उगवतात. सॉ फिल्टर (ठरावीक पट्टाच जाऊ देणारा छोटा तयार फिल्टर) एलएनएच्या नंतर लावला तर काटे तसेच राहतात. आधी लावला की साफ गायब! म्हणजे ते हवेत नाहीतच, एलएनएच्या पोटात तयार होताहेत. टॉवरच्या 2300 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातून 900 चा वजा केला की उत्तर नेमकं 1400 च्या आसपास येतं, त्यामुळे माझा संशय त्या दोघांवर आहे. खोडदची रेडिओ दुर्बीण (जीएमआरटी) शहरापासून इतकी लांब का नेली, हे इथे नीट कळतं.

मग फिल्टर आधीच ठेवावा, तर रेषा बुडते. हिशेब असा: एलएनएचा नॉइज फिगर (तो स्वतः किती नॉइज घालतो ते) 0.5 डीबी, म्हणजे तापमानात मोजला तर साधारण 35 केल्विन. सॉ फिल्टरचा लॉस 2.5 डीबी, तो एकटाच सव्वादोनशे केल्विन घालतो. शिवाय फिल्टरमागे गेल्यावर एलएनएचे 35 ही त्या लॉसच्या पटीत वाढून 63 होतात, म्हणून दोन्ही मिळून 290 च्या घरात. रेषेतून आम्हाला मिळणार शंभर केल्विनच्या आतच. तासभर ॲव्हरेजिंग केलं की भागतं, असं काही जण सांगतात. मला ते पटत नाही. एलएनए तापला-निवला की गेन सरकतो आणि बेसलाइन (रेषेखालची सपाट पातळी) वाकडी होते. पुतणी अकरावीत आहे, तिला रेषेच्या सरकण्यावरून आकाशगंगेचं फिरणं मोजायचंय. सेकंदाला 1 किमी वेग म्हणजे जेमतेम 4.7 किलोहर्ट्झ. वाकड्या बेसलाइनवर ते कसं मोजणार?

माझा कल कॅव्हिटी फिल्टरकडे (धातूच्या ब्लॉकमधल्या पोकळीचा फिल्टर) आहे. लॉस 0.3 डीबीवर आणता आला तर आधी लावूनही फक्त 23 केल्विनच्या आसपास वाढतात. तयार माल बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ विचारला, मिळाला नाही. तेव्हा जाणकारांनी कृपया सांगावं:

भोसरीकडे कुणी असा फिल्टर मिलिंग करून घेतला आहे का? एक-दोन नग करून देणारं वर्कशॉप माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

ॲल्युमिनियमचा ब्लॉक चालेल की पितळच घ्यावं? आणि आतून चांदीचा मुलामा द्यायचा तर किती जाड? या फ्रिक्वेन्सीला करंट तांब्यात पावणेदोन मायक्रॉनच खोल जातो, चांदीतही साधारण तेवढाच. दागिन्यांवरचा पातळ मुलामा त्याला पुरेल असं वाटत नाही.

की फिल्टरचा नाद सोडून ॲम्प्लिफायरची पहिली स्टेजच जास्त करंटवर चालणारी, टॉवरपुढे न दबणारी घ्यावी, आणि सॉ फिल्टर दोन स्टेजच्या मधे टाकावा? हे प्रत्यक्ष शहरात कुणी चालवलं असेल तर स्पेक्ट्रमचा फोटो नक्की टाका.