दहावीनंतर आयटीआय, डिप्लोमा की पदवी? आपापले अनुभव लिहा

पुतण्याचा दहावीचा निकाल लागला आणि घरात दोन तट पडलेत. तो पॉलिटेक्निकला जातो म्हणतोय, आमचे दादा "आधी बारावी कर, मग बघू" यावर अडून बसलेत. सल्ले पोतंभर मिळालेत, ते नकोत. स्वतः काय केलं आणि पुढे काय झालं तेवढं लिहा.

कानसवाला, सातपूर
आयटीआय, फिटर, दोन वर्षं. सुरुवातीचे महिने लोखंडाचा तुकडा व्हाइसमध्ये धरून नुसती कानस मारायची. निदेशक गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून तुकडा खिडकीकडे धरायचे. फटीतून उजेड दिसला की एकच शब्द, "परत". हाताला फोड आले, पण त्याच हातावर अप्रेंटिसशिपनंतर टूलरूममध्ये घेतलं. आजही व्हर्निअर लावायच्या आधी बोटाला कळतं, काठ राहिलाय. अडलं ते पुढे, सुपरवायझरच्या जागेला डिप्लोमा मागतात. आयटीआयवाल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, हे कंपनीतल्या एका सीनियरने सांगितलं. शाळेत कुणी चकार शब्द काढला नव्हता.

एम-थ्री पीडित
मेकॅनिकल डिप्लोमा, मग डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. डिप्लोमात टक्के भरपूर, त्यामुळे छाती फुगलेली. पहिल्याच आठवड्यात एम-थ्रीच्या, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरच्या तासाला सरांनी लाप्लास ट्रान्सफॉर्म फळ्यावर उतरवला. शेजारची मुलं अकरावी, बारावी आणि फर्स्ट इयर अशी सलग तीन वर्षं गणित घोटून आलेली, आमचं गणित डिप्लोमाच्या पहिल्या वर्षातच संपलेलं. केटी लागली, म्हणजे विषय राहिला, परत परीक्षा. हॉस्टेलवर माझ्यासारखे बरेच होते, त्यामुळे दुःख वाटून घेतलं. उलट असेंब्ली ड्रॉइंगची शीट आली की तीच मुलं रात्री आमच्या खोलीत. पुतण्या या वाटेने गेलाच तर डिप्लोमा संपल्यावरच्या सुट्टीत त्याला बारावीचं इंटिग्रेशन करायला बसवा.

सिव्हिलवाली ताई
बाबांची निवृत्ती जवळ आलेली, धाकटी दोघं शाळेत. पदवीपर्यंत सहा वर्षं शिकत बसणं परवडणारं नव्हतं, म्हणून सिव्हिल डिप्लोमा. कनिष्ठ अभियंता पदाला डिप्लोमा चालतो. मात्र परीक्षेला पदवीधरही बसतात, तेव्हा जागा आपल्यासाठी राखून ठेवलीय असं समजू नये. नोकरी लागली, साइटवर सगळे "मॅडम" म्हणतात. स्थळं बघताना मात्र "डिप्लोमाच का?" हा प्रश्न चहापोह्यांबरोबर यायचाच. विचारणाऱ्यांपैकी एकाच्या घराचा स्लॅब गळत होता. त्यावर फुकट सल्ला घेऊन गेले!

लोटेकर
सगळे डिप्लोमाची आरती ओवाळताहेत म्हणून दुसरी बाजू. पंधराव्या वर्षी मला कशात गती आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. वर्गातले मित्र इलेक्ट्रॉनिक्सला गेले, मीही गेलो असतो. अकरावी-बारावीत रसायनशास्त्राची गोडी लागली, रत्नागिरीत बीएस्सी, मग एमएस्सी, आता लोटे एमआयडीसीत क्यूसी (मालाची गुणवत्ता तपासणारी) लॅब सांभाळतो. बीएस्सीनंतर पहिला पगार डिप्लोमावाल्या मित्रापेक्षा कमी होता, हेही खरं. पण ते दोन वर्षांचं चाचपडणं मला हवंच होतं. ज्याचं ठरलंय त्याने डिप्लोमाला जावं. पुतण्या खरंच ठरवून म्हणतोय, की मित्र चाललाय म्हणून? आधी ते विचारा.

स्टुटगार्टहून
इथे ऑसबिल्डुंग असतं. मुलगा कंपनीत शिकाऊ म्हणून लागतो, आठवड्यातले एक-दोन दिवस शाळा, बाकी काम, आणि पगार पहिल्या महिन्यापासून. शेजाऱ्यांचा मुलगा असाच मेकॅट्रॉनिक्स शिकतोय. आईवडील दोघेही डॉक्टर, पण कुणी नाक मुरडत नाही. आपल्याकडे अप्रेंटिस कायदा 1961 पासून आहे, तरी शिकाऊ पोराला अजून "हेल्पर"च समजतात.

सिव्हिलवाली ताई
एक राहिलं. पॉलिटेक्निकचा विकल्प अर्ज भरताना टीएफडब्ल्यूएसचा (ट्यूशन फी माफीच्या योजनेचा) पर्याय वेगळा भरावा लागतो. वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर त्या जागेवर ट्यूशन फी माफ होते. कॉलेज तेच असलं तरी कोड निराळा, शेवटी 'टी' असतो. अनेकजण तो भरतच नाहीत. त्याला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि निकालानंतर सेतू केंद्रात ही रांग असते. दादांचं मन वळेपर्यंत थांबू नका, दाखला आधी काढून ठेवा.